जॅझ-ब्लूजला वर्षातला एक दिवस नको, आठवड्यातली एक संध्याकाळ द्या

प्रति,
सांस्कृतिक केंद्रांच्या आणि सभागृहांच्या कार्यकारी समित्या,
संगीत विद्यालयांचे प्राचार्य,
आणि कलेसाठी अनुदान मंजूर करणारे सर्व सदस्य

विषय : जॅझ आणि ब्लूजच्या साप्ताहिक मैफली व त्यांना जोडलेले वर्ग सुरू करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

युनेस्कोने २०११ मध्ये ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिवस ठरवला आणि २०१२ पासून तो जगभर साजरा होऊ लागला. हे चांगलंच झालं. पण अनेक संस्थांच्या वार्षिक आराखड्यात जॅझच्या नावापुढे आता तेवढी एकच तारीख दिसते. त्या दिवशी मोठा रंगमंच, पाहुणे वादक आणि भाड्याची ध्वनियंत्रणा असते; पुढे वर्षभर सामसूम. आमची मागणी साधी आहे. त्या एका दिवसावर होणारा खर्च एका मध्यम खोलीतल्या चाळीस संध्याकाळींवर पसरवा. वार, वेळ आणि खोली कायम ठेवा, आणि त्याच खोलीत मैफलीच्या आधी दोन तास वर्ग घ्या.

वार ठरलेला असणं ही छोटी बाब वाटते, पण बाकीचं सगळं तिच्यावर उभं राहतं. न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड हा तळघरातला क्लब, जेमतेम सव्वाशे माणसांचा. तिथे थॅड जोन्स आणि मेल लुईस यांच्या ऑर्केस्ट्राने फेब्रुवारी १९६६ मध्ये एका सोमवारी वाजवायला सुरुवात केली. जोन्स पुढे ऑर्केस्ट्रा सोडून गेले, लुईस १९९० मध्ये वारले, तरी तो सोमवार अजून चालू आहे. न्यूयॉर्कच्याच हार्लेम वस्तीतल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबमध्ये १९४० नंतरच्या वर्षांत बीबॉप ही जॅझची नवी शैली आकाराला आली, त्यामागेही पियानोवर थेलोनियस मंक आणि ड्रमवर केनी क्लार्क असलेला ठरलेला संच होता. बाहेरून येणाऱ्याला कोणासोबत वाजवायचंय हे ठाऊक असायचं, म्हणून तो परत यायचा. आपल्या सभागृहाचा जो वार रिकामा जातो, तोच आम्हाला द्या. शनिवारच हवा असा आमचा हट्ट नाही.

खोली आणि रंगमंच

ऐंशी ते शंभर माणसांची खोली पुरते. निवडताना मध्यभागी उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. तिचा नाद एका सेकंदाच्या आत विरला पाहिजे. सिम्फनीसाठी बांधलेल्या सभागृहात तो दोन सेकंदांच्या आसपास रेंगाळतो. व्हायोलिनला ते मानवतं, पण ड्रमच्या राइड सिंबलवरचे (लय धरणाऱ्या मोठ्या झांजेवरचे) ठोके एकमेकांत मिसळून नुसता सळसळाट उरतो आणि बेसचे, म्हणजे खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्याचे, स्वर ओळखू येत नाहीत. खोली गुंजत असेल तर मागच्या भिंतीला जाड पडदे लावा आणि ड्रमखाली दोन मीटर बाय दोन मीटरची सतरंजी घाला. सतरंजीचा आणखी एक उपयोग असा की बेस ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पुढे सरकत जात नाही.

मोठा रंगमंच मिळाला की आयोजक वादकांना त्याच्या दोन टोकांना पांगवतात, कारण फोटोत ते छान दिसतं. इथेच लय बिघडते. आवाजाला सात मीटर जायला सुमारे २० मिलिसेकंद लागतात. बेसवाला ड्रमरपासून तेवढा लांब उभा राहिला तर प्रत्येक ठोका त्याला उशिरा ऐकू येतो. तो मागे रेलतो, ड्रमर त्याची वाट पाहतो, आणि चार-पाच आवर्तनांत लय खाली येते. पियानो, बेस आणि ड्रम हे तिघं तीन मीटरच्या घेऱ्यात हवेत. बेस मधोमध, पियानोवाल्याला बेसवाल्याचा डावा हात दिसेल असा. फुंकवाद्यं पुढे.

ध्वनीबाबत आमचा अनुभवी सल्ला असा की साउंड चेकची, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीची, पहिली दहा मिनिटं सगळे माइक बंद ठेवा. संचाला नुसतं वाजवू द्या आणि खोलीच्या शेवटच्या रांगेत बसून काय ऐकू येत नाही ते पाहा. बहुधा बेस, पियानोचा मधला पट्टा आणि गायकाचा आवाज हे तीनच कमी पडतात. तेवढेच ड्रमच्या नैसर्गिक आवाजापर्यंत उचला. या आकाराच्या खोलीत सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटला माइक लागतच नाही. उलटी चूक सर्रास होते: रॉकच्या सवयीने आधी बेस ड्रमला माइक लागतो, मग बेसवाला आपला अँप वाढवतो, मग पियानोवाला मॉनिटरमध्ये (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) स्वतःचा आवाज जास्त मागतो, आणि अर्ध्या तासात उभा बेस घोंगावायला लागतो. उभ्या बेसची पोकळ पेटी स्पीकरचा आवाज झेलते आणि तारांकडे परत पाठवते. अशा वेळी बेसचा आवाज मॉनिटरमधून काढा, अँप खुर्चीवर कानाच्या उंचीला ठेवा आणि अगदी खालची गुरगुर मिक्सरवर कापा. ड्रमचा संच विकत घेणार असाल तर १८ इंची बेस ड्रमचा घ्या. २२ इंचीने खोली भरून जाते. ड्रम हळू वाजवायच्या ब्रशांची एक जोडी कायम खोलीतच असू द्या.

आणि पियानो. तो ४४० हर्ट्झवर (ए स्वराची कंपनसंख्या) लावलेला हवा, दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावायला हवा, आणि जागेवरून हलवला तर त्या कार्यक्रमाआधी परत. ट्युनरचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा, कारण कपात होताना सगळ्यात आधी तोच खोडला जातो. वीस सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पाचव्या भागाने, उतरलेल्या पियानोसमोर ट्रम्पेटवाला संध्याकाळभर स्वर खाली ओढत बसतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की याला सूर नाही.

संध्याकाळ कशी चालावी

पहिली ४५ मिनिटं ठरलेल्या संचाची, मग वीस मिनिटं मध्यंतर, मग जॅम, म्हणजे येणाऱ्या कोणीही संचासोबत आयत्या वेळी वाजवायचं. जॅमला एक सूत्रधार हवा आणि दारापाशी एक कागद, ज्यावर नाव, वाद्य आणि स्वतःला वाजवता येणाऱ्या दोन रचना लिहायच्या. सूत्रधार नसलेला जॅम तीन आठवड्यांत कसा मोडतो, हे नुसत्या हिशोबाने कळतं. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत बारा बारच्या (एक बार म्हणजे चार मात्रा) ब्लूजचं एक आवर्तन बरोबर २४ सेकंदांचं होतं. मुखडा सुरुवातीला दोनदा, शेवटी दोनदा, आणि मध्ये सहा जणांनी प्रत्येकी तीन आवर्तनं वाजवली, तर रचना पावणेनऊ मिनिटांत संपते. तेच प्रत्येकाने दहा-दहा आवर्तनं घेतली की पंचवीस मिनिटांच्या वर जाते. कागदावरची पुढची चार नावं तोवर वाद्यं पेटीत भरून घरी गेलेली असतात.

म्हणून जॅममध्ये नवख्याला तीन आवर्तनं द्या, आणि त्याला रांगेत आधी घ्या. "आधी जाणकार, शेवटी वेळ उरला तर मुलं" हा क्रम आम्हाला अजिबात मान्य नाही. शेवटी संचही थकलेला असतो आणि श्रोतेही उठलेले असतात. मग मुलाला रंगमंच मिळाला म्हणायचं तरी कशाला? मध्यंतरानंतरचा पहिला अर्धा तास वर्गातल्या मुलांचा, हे फलकावर लिहून ठेवा.

खुणाही पहिल्याच दिवशी शिकवाव्यात, कारण वाजत असताना बोलता येत नाही. स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला की मुखड्याकडे परत यायचं. चार बोटं दाखवली की ड्रमरशी चार-चार बारची देवाणघेवाण. मूठ वर केली की शेवट. पट्टी सांगायला बोटं खाली दाखवली तर तीत तेवढे फ्लॅट (उतरलेले स्वर), वर दाखवली तर तेवढे शार्प (चढवलेले स्वर): दोन बोटं खाली म्हणजे बी फ्लॅटची पट्टी.

वर्ग

आता ज्या भागाबद्दल आमचा सगळ्यात जास्त आग्रह आहे त्याकडे येतो. पहिल्या दिवशी मुलांच्या हातात सप्तकांची छापील पानं देऊ नका. पानं पाहून बोटं चालतात, कान झोपतो. बारा बारच्या ब्लूजपासून सुरुवात करा, आणि तीही गळ्याने.

ब्लूजचं गाणं बहुधा तीन ओळींचं: पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि त्यांना उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळीला चार बार. त्यातले साधारण दोन गायकाचे, उरलेले दोन गिटारचे किंवा हार्मोनिकाचे. ही रिकामी जागा पहिल्या तासाला मुलांना दाखवा. अर्धा वर्ग ओळ गाईल, अर्धा वर्ग टाळ्यांनी किंवा तोंडाने उत्तर देईल. ब्लूजमध्ये गंधाराची जागा कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी असते. पियानोवर ती पट्टीच नाही. गळ्यात, ओढलेल्या तारेवर आणि हार्मोनिकाच्या आत घेतलेल्या श्वासात ती सापडते. म्हणून गायक आणि गिटारवाली मुलं इथे पियानोवाल्यांची शिक्षक होतात. ब्लूजला जॅझची सोपी पायरी समजून दोन तासांत उरकणारे अभ्यासक्रम पाहिले की आम्हाला वाईट वाटतं. तीन कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) कळले म्हणजे ब्लूज आला, असं नसतं.

कॉर्ड मात्र लवकर देता येतात, आणि त्यासाठी दोन बोटं पुरतात. बी फ्लॅट म्हणजे काळी पाचचा ब्लूज घ्या. पियानोच्या मधल्या भागात काळी चार आणि तिच्या वरची पांढरी दोन एकत्र दाबा. हा बी फ्लॅट सेव्हनचा गाभा: सातवा आणि तिसरा स्वर. मूळ स्वर बेसवाला वाजवतोच आहे. आता दोन्ही बोटं एक-एक पट्टी खाली सरकवा: पांढरी पाच आणि काळी एक. हा ई फ्लॅट सेव्हन झाला. पहिल्या जागेवरून दोन्ही बोटं एक-एक पट्टी वर न्या: पांढरी सहा आणि काळी दोन. हा एफ सेव्हन. तीनही कॉर्ड हाताच्या एकाच आकारात, अर्ध्या स्वराच्या अंतरात. क्रम असा: चार बार पहिला कॉर्ड, दोन बार खालचा, दोन बार पुन्हा पहिला, मग एक बार वरचा, एक बार खालचा, आणि दोन बार घरी परत. कधीच पियानोला हात न लावलेलं मूलही त्याच दिवशी बेसवाल्याबरोबर पूर्ण आवर्तन काढू शकतं.

हे जमलं की मूल एक चूक हमखास करतं. प्रत्येक मात्रेवर कॉर्ड ठोकतं. त्याला सांगा, बारमध्ये दोनदाच वाजव, आणि तेही गायक श्वास घेईल तेव्हा. संचात गिटार आणि पियानो दोन्ही असतील तर एका आवर्तनात एकानेच कॉर्ड द्यावेत; दोघांनी दिले की वेगवेगळ्या जागी पडलेले ठोके एकमेकांना अडवतात आणि एकट्याने वाजवणाऱ्याला उभं राहायला जागा उरत नाही.

लयीसाठी मेट्रोनोम १२० वर लावू नका, ६० वर लावा आणि त्याचा टोला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असं धरून वाजवा. सुरुवातीला सगळेच त्याला पहिल्या मात्रेवर ओढतात. दहा मिनिटं नुसतं चालायचं, टाळी दोन आणि चारवर, तोंडाने राइडचा ठेका: "डिंग, डिंग-अ-डिंग, डिंग-अ-डिंग". मध्यम लयीत मात्रेचा पहिला भाग दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट लांब पडतो; लय चढत जाते तसे दोन्ही भाग सारखे होत जातात. जलद लयीतही दुप्पटच ठेवायला शिकवलं की मुलांचं वाजवणं उड्या मारल्यासारखं होतं.

पट्टीचा झगडा प्रत्येक वर्गात होतो, त्याची तयारी ठेवा. गिटारवाल्याला ई किंवा ए हवा असतो, कारण तिथे मोकळ्या तारा वाजतात. पण संचाने पांढरी तीन म्हणजे ई घेतला की ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोनला सहा शार्पमध्ये वाजवावं लागतं आणि आल्टो सॅक्सोफोनला सात, कारण या वाद्यांचा लिहिलेला स्वर आणि ऐकू येणारा स्वर वेगळे असतात. नवखं मूल तिथे गप्प होतं आणि आपल्याला येत नाही असं समजून बसतं. बी फ्लॅट घेतला तर ट्रम्पेट आणि टेनर सीमध्ये येतात, आल्टो जीमध्ये, आणि गिटारवाल्याला सहाव्या तारेच्या सहाव्या घरावर बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरलेला कॉर्ड) धरून काम भागवता येतं. आमचा तोडगा असा: फुंकवाद्यं असतील तेव्हा बी फ्लॅट किंवा एफ, आणि दर संध्याकाळी एक तरी ब्लूज ईमध्ये, फक्त गळा, गिटार, हार्मोनिका आणि बेस यांचा. हार्मोनिकावाल्याला मात्र आधी सांगा की ईच्या ब्लूजला ए पट्टीची हार्मोनिका आणायची. ईची आणली तर मुख्य स्वर फुंकीवर येतात, आत ओढून वाकवायच्या जागा चुकतात, आणि बालगीतासारखं ऐकू येतं. प्रत्येक रचनेच्या चार प्रती लागतात: सी, बी फ्लॅट, ई फ्लॅट आणि बेस क्लेफ (खालच्या स्वरांच्या वाद्यांसाठीचं लेखन). तीन करून चौथी विसरली की ट्रॉम्बोनवालं मूल कोपऱ्यात बसून राहतं.

विद्यालयांना सतरा जणांच्या बिग बँडची हौस असते: पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि चौघांचा ठेका. ती वाईट नाही. पण दोन जण गैरहजर राहिले तरी सराव लंगडा होतो, आणि एकट्याने वाजवायची संधी दोघा-तिघांनाच मिळते. पाच-सहा जणांचे तीन छोटे संच आधी उभे करा. त्यातून तयार झालेली मुलं पुढे बिग बँडमध्ये बसली की एकमेकांचं ऐकतात.

आणि हे संगीत कोणाचं, हे मुलांना सांगितल्याशिवाय वर्ग पुढे नेऊ नका. गुलामगिरीतून आणि तिच्यानंतरच्या वर्णद्वेषातून गेलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांनी ते मिसिसिपीच्या शेतांत, न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर आणि शिकागोच्या वस्त्यांत घडवलं. ऑगस्ट १९२० मध्ये मेमी स्मिथ यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणाच्या खपाने कंपन्यांना कळलं की कृष्णवर्णीय गायिकांच्या ब्लूजला ग्राहक आहे. हे संगीत शिकवणंही त्याच वस्त्यांत सुरू होतं. शिकागोच्या ड्यूसाबल हायस्कूलमध्ये कॅप्टन वॉल्टर डायट हे कडक शिस्तीचे शिक्षक होते. जॉनी ग्रिफिन, जीन अमन्स, व्हॉन फ्रीमन त्यांच्या हाताखाली तयार झाले. महाविद्यालयात जॅझची पदवी अमेरिकेतल्या नॉर्थ टेक्सास या शिक्षणसंस्थेने १९४७ मध्ये आणली, म्हणजे डायट यांच्या वर्गानंतर बऱ्याच वर्षांनी. आज मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलच्या डेल्टा ब्लूज म्युझियममध्येही मुलांना ब्लूज वाजवून शिकवतात.

परवाने आणि मानधन

आवाजाबद्दल नियम हवेतच. शेजाऱ्यांची झोप आम्हालाही कळते. पण नियम डेसिबल आणि वेळ यांचे असावेत, वाद्यांचे आणि माणसांचे नसावेत. न्यूयॉर्कमध्ये कित्येक वर्षं असा नियम होता की विशेष परवाना नसलेल्या उपाहारगृहात फार तर तीन वादक वाजवू शकतात, आणि तेही पियानो, ऑर्गन, अकॉर्डियन किंवा तंतुवाद्यंच. ड्रम नाही, सॅक्सोफोन नाही. १९८० नंतरच्या दशकात न्यायालयांनी तो मोडीत काढला. त्याआधी वादकांना पोलिसांकडून कॅबरे कार्ड, म्हणजे क्लबांत काम करण्याचा वैयक्तिक परवाना, घ्यावं लागे, आणि ते गेल्यामुळे मंक यांना १९५१ ते १९५७ शहरातल्या क्लबांत वाजवता आलं नाही. उलट इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ च्या कायद्याने छोट्या जागांतल्या जिवंत संगीताला रात्री ११ पर्यंत वेगळ्या परवान्यातून मोकळीक दिली. आपल्या समितीकडे नियम सुचवण्याचा अधिकार असेल तर हा दुसरा नमुना पाहावा.

ठरलेल्या संचाला ठरलेलं मानधन द्या, तिकिटांच्या विक्रीवर अवलंबून नसलेलं, आणि साउंड चेक व वर्गाचे तास त्यात मोजा. जॅमला येणारे हौसेने येतात, त्यांना पैसे अपेक्षित नसतात. पण म्हणून संचालाच काढून "सगळे मिळून वाजवतील की" असं म्हणणारी समिती दोन महिन्यांत रिकाम्या खोलीचे दिवे बंद करते. ठेका धरणारे तिघं दर आठवड्याला तेच आणि तयारीचे असतील, तरच त्यांच्यावर भरवसा ठेवून एखादं तेरा वर्षांचं मूल पहिलं आवर्तन घेईल.

अहवालात नुसती श्रोत्यांची संख्या लिहू नका. रंगमंचावर पहिल्यांदा किती जण चढले, त्यातले किती महिन्याभरात परत आले, आणि किती जण आता कागदाशिवाय वाजवतात, हे तीन आकडे सूत्रधाराकडून दर महिन्याला मागा. आणि केंद्रापर्यंत येऊ न शकणाऱ्यांसाठी महिन्यातून एक संध्याकाळ बाहेर न्या. बिली टेलर यांच्या पुढाकाराने १९६४ मध्ये सुरू झालेल्या जॅझमोबाइलने फिरता रंगमंच हार्लेमच्या रस्त्यांवर नेला होता.

पुढच्या बैठकीत चारच गोष्टी ठराव्यात अशी विनंती आहे: वार, खोली, तिघांच्या संचाचं मानधन आणि पियानो लावायची तारीख. आवर्तनांचे आराखडे, चारही प्रतींचे संच आणि पहिल्या दहा वर्गांची आखणी आम्ही विनामूल्य तयार करून देऊ. पहिल्या संध्याकाळी सतरंजी अंथरायला आणि केबल ओढायलाही येऊ.

कळावे,

आपले,
जॅझ आणि ब्लूज वाजवणारे, शिकवणारे आणि त्यांचा आवाज सांभाळणारे आम्ही सर्व